प्रत्येक जिल्ह्यात संशोधन पार्क हवा का?

प्रश्न असा आलाय: केंद्र सरकारने येत्या दहा वर्षांत देशभर संशोधन पार्क आणि प्रादेशिक नवोपक्रम केंद्रं काढायची ठरवली, तर त्यासाठीचं राष्ट्रीय धोरण कसं असावं? विचारणाऱ्या मॅडम जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवतात. जोडीला त्यांनी लिहिलंय की विद्यापीठाची ४० एकर जागा मोकळी पडून आहे, कुलगुरूंना तिथे पार्क हवाय आणि प्रस्ताव लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलंय.

मॅडम, मी इन्क्युबेटर चालवणारा माणूस. सरकारी टेबलाच्या अलीकडे बसून अनुदानं मागितली आहेत आणि पुढे छाननी समित्यांवर बसून ती नाकारलीही आहेत. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. पार्क मोजक्या ठिकाणीच काढावेत. बाकीच्या जिल्ह्यांना तिथल्या उद्योगाला लागणाऱ्या चाचण्या, यंत्रं आणि जाणती माणसं पुरवणारी छोटी केंद्रं द्यावीत. आणि दोन्हींच्या बाबतीत केंद्राने बांधकामापेक्षा चालवण्याच्या खर्चाला पैसे द्यावेत, तेही किमान दहा वर्षं. तुमच्या ४० एकरांबद्दल पुढे लिहितो, पण कुलगुरूंना आवडेल असं ते नसेल.

आधी घोळ निस्तरू. इन्क्युबेटर, संशोधन पार्क आणि नवोपक्रम केंद्र ही तिन्ही नावं आपल्याकडे एकाच फायलीत सर्रास अदलाबदलीने येतात. इन्क्युबेटर म्हणजे जेमतेम उभ्या राहिलेल्या कंपनीला बसायला जागा, थोडं बीजभांडवल आणि सल्ला. संशोधन पार्क म्हणजे उभ्या असलेल्या, कमावत्या कंपन्यांनी आपला संशोधन विभाग विद्यापीठाच्या कुशीत आणून ठेवणं. त्यात इन्क्युबेटर असू शकतो, पण भाडं या मोठ्या कंपन्या देतात. प्रादेशिक केंद्राला तर स्वतःची जागा असायलाच हवी असं नाही. एखाद्या भागातल्या संस्था, कारखाने आणि महापालिका यांना एका कामाला जुंपणारी ती यंत्रणा असते. तिन्हींचा खर्च वेगळा, माणसं वेगळी, फळ यायला लागणारा काळ वेगळा. धोरणाने निदान एवढा फरक कागदावर मान्य केला तरी निम्मे प्रस्ताव आपोआप सरळ होतील.

आपल्याकडे धोरण नाही म्हणून अडलंय, असं काही नाही. उलट योजना ढिगाने आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९८२ साली उद्योजकता विकास मंडळ काढलं. त्याच दशकात त्रिची, रांची, म्हैसूर अशा ठिकाणी ‘स्टेप’ नावाचे पार्क आले. पुढे टीबीआय, म्हणजे तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या कंपन्यांसाठीचे इन्क्युबेटर, आले. २०१२ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बायरॅक’ कंपनी निघाली. २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया, नवउद्योगांना पाठबळ देणारी ‘निधी’ योजना आणि नीती आयोगाचं अटल इनोव्हेशन मिशन असं सगळं एकदम आलं. २०१८ अखेरीस सायबर-फिजिकल सिस्टीम्सच्या (संगणक आणि प्रत्यक्ष यंत्रं जोडणाऱ्या तंत्रज्ञानाच्या) राष्ट्रीय मोहिमेला ३,६६० कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यातून २५ तंत्रज्ञान हब निघाले. आयसर पुण्याचं क्वांटम हब त्यांपैकीच. शिवाय प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने काढलेले विज्ञान-तंत्रज्ञान क्लस्टर, आणि आता २०२३च्या कायद्याने आलेलं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान.

गंमत अशी की अशा चार इन्क्युबेटर योजना एकाच इमारतीत नांदतात. एका विभागाचा टीबीआय, दुसऱ्याचा बायोनेस्ट, तिसऱ्याचा टाइड, चौथ्याचं अटल केंद्र. प्रत्येकाचं बँक खातं वेगळं, आढावा समिती वेगळी, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेगळं. माझ्या ओळखीच्या एका इन्क्युबेटरमध्ये खुर्च्यांवर तीन रंगांचे स्टिकर आहेत. कुठली खुर्ची कुठल्या योजनेतून आली ते ऑडिटरला दाखवायला. एका योजनेच्या खुर्चीवर दुसऱ्या योजनेचा मुलगा बसला तर काय करायचं, हा प्रश्न तिथे मीटिंगमध्ये चर्चिला गेलाय. म्हणून नव्या राष्ट्रीय धोरणाकडून माझी पहिली मागणी नव्या योजनेची नाहीच. एका संस्थेला एक करार, एक वार्षिक आढावा आणि एकच उपयोगिता प्रमाणपत्र. आतल्या आत पैसे कुणी किती द्यायचे ते विभागांनी दिल्लीत बसून ठरवावं.

आता पार्कबद्दल. नाव घेण्याजोगं उदाहरण चेन्नईच्या आयआयटी मद्रास रिसर्च पार्कचं. तारामणीला आयआयटी मद्रासच्या शेजारी तमिळनाडू सरकारने दिलेल्या सुमारे ११ एकर जमिनीवर तो उभा आहे. प्रा. अशोक झुनझुनवालांनी त्यासाठी वर्षानुवर्षं रेटा लावला, २०१० मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि आता तिथे सुमारे १२ लाख चौरस फूट जागा आहे. सरकारी अनुदान होतंच, पण बँकेचं कर्ज काढून ते भाड्यातून फेडायचं गणितही होतं. देशभरातली शिष्टमंडळं तिथे जातात आणि काचेच्या इमारतींचे फोटो काढून परत येतात. बघण्यासारखी गोष्ट भाडेकरारात आहे. तिथे जागा घेणाऱ्या कंपनीला नुसतं भाडं भरून चालत नाही. घेतलेल्या जागेच्या प्रमाणात तिला दर वर्षी आयआयटीशी केलेल्या कामाचे क्रेडिट मिळवावे लागतात. प्राध्यापकाला संशोधनाचं काम दिलं, विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेतलं, आपल्या इंजिनिअरला तिथे एमएस किंवा पीएचडीला नाव घालायला लावलं, एकत्र पेटंट घेतलं, की क्रेडिट मिळतात.

हे कलम नसतं तर काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको. चेन्नईच्या त्या आयटी पट्ट्यात एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीने ती जागा हसत उचलली असती, भाडंही चढं दिलं असतं, आणि पाच वर्षांत पार्कचं कॉल सेंटर झालं असतं. व्यवस्थापकाला मोह तिथेच होतो, कारण त्याच्या बोकांडी बँकेचा हप्ता असतो. म्हणूनच केंद्राने पैसे देताना हे कलम करारात घालावं, आणि क्रेडिट कमी पडले तर भाडेकरूला जागा सोडावी लागेल असं नुसतं न लिहिता एखाद्याला खरंच सोडायला लावावं.

२०१६च्या स्टार्टअप कृती आराखड्यात मद्रासच्या धर्तीवर सात नवे पार्क आणि प्रत्येकी १०० कोटींची सुरुवातीची गुंतवणूक असं लिहिलेलं होतं. गुवाहाटी, हैदराबाद, कानपूर, खरगपूर, गांधीनगर आणि दिल्ली इथल्या आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी. सगळं बड्या घरांत. आम्ही काय घोडं मारलंय, असं राज्य विद्यापीठांतले लोक म्हणतात, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. तरीही जागांची ती निवड मला पटते. पार्कचा माल म्हणजे प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी. कंपनी शेजारी राहायला येते ती त्यांच्यासाठी. ज्या विभागात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आणि उरलेलं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या मुलांच्या जिवावर चाललंय, तिथे कंपनीने काय शोधायचं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. राज्य विद्यापीठांना पार्क देण्याआधी प्राध्यापक द्या, हे मी प्रत्येक समितीत म्हणतो आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळतं की तो विषय राज्याचा. इथे केंद्राला एक सोपी अट घालता येईल: ज्या विद्यापीठाला पार्क किंवा केंद्र हवंय, त्याच्या संबंधित विभागांतली पदं राज्याने आधी भरलेली असली पाहिजेत. राज्यं कुरकुरतील. कुरकुरू देत.

वेळेबद्दल आपली अपेक्षा अजब आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाचा रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ साली निघाला. तंबाखू, कापड आणि फर्निचरवर जगणारं ते राज्य होतं, आणि पदवी घेतलेली मुलं बाहेर जात होती. पहिली काही वर्षं पार्क जवळजवळ ओसच होता. १९६५ साली दोन गोष्टी झाल्या: आयबीएम यायचं ठरलं, आणि संघ सरकारने पर्यावरण व आरोग्यावर संशोधन करणारी आपली राष्ट्रीय संस्था तिथे नेली. त्यानंतर चित्र पालटलं. पार्कला अनुदान देण्याइतकंच सरकारने स्वतःची प्रयोगशाळा तिथे नेऊन ठेवणं कामाचं असतं, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. पुण्यात हे आपण नकळत केलंय. १९५० साली पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली, तिच्या आवारात २००७ साली व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर निघालं, आणि आज साहित्यविज्ञान आणि बायोटेकमधल्या तरुण कंपन्यांना पुण्याचं नाव सुचतं ते यामुळे. मधली सत्तावन्न वर्षं कुठल्या योजनेच्या तक्त्यात बसवायची?

कंपन्यांचंही तसंच. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज २००७ साली सुरू झाली, आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ इन्क्युबेटरमध्ये वाढली आणि शेअर बाजारात आली २०२३ साली. मद्रासच्या अग्निकुलने २०१७ साली सुरुवात केली. त्यांचं पहिलं रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं मे २०२४ मध्ये. अटल इन्क्युबेशन केंद्राला मिळतात जास्तीत जास्त पाच वर्षांत दहा कोटी, आणि मग त्याने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. पाच वर्षं संपत आली की व्यवस्थापक काय करतो ते मी जवळून बघितलंय. तो लॅबचा अर्धा भाग रिकामा करून टेबलं मांडतो, फ्रीलान्सर मुलांना महिन्याच्या भाड्याने देतो आणि कॉलेजांसाठी हॅकेथॉन भरवतो. वाईट काहीच नाही त्यात, पगार निघतात. पण ज्या कामासाठी दहा कोटी दिले होते ते तिथेच थांबतं.

चालवण्याचा खर्च म्हणजे नेमकं काय, हे एका यंत्रावरून सांगतो. समजा एका कॉलेजला योजनेतून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळाला. उद्घाटन झालं, पालकमंत्र्यांचा फोटो आला. तीन वर्षं वॉरंटी. त्या काळात कंपनीचा माणूस येऊन बघतो. चौथ्या वर्षापासून देखभालीचा करार, यंत्राच्या किमतीच्या पाच-दहा टक्के दर साल. हा खर्च आवर्ती (दर वर्षी होणाऱ्या खर्चाच्या) हेडमध्ये बसतो, आणि अनुदान तर सगळं अनावर्ती (एकदाच होणाऱ्या खर्चाच्या) हेडमध्ये आलं होतं. ऑपरेटर अकरा महिन्यांच्या करारावर. तो बिचारा शिकतो, हात बसतो, आणि तळेगावच्या एखाद्या कंपनीत दुप्पट पगारावर निघून जातो. खोलीतला एसी रात्री बंद करायचा असा कॉलेजचा नियम, म्हणून व्हॅक्यूम पंप कुरकुरायला लागतो. फिलामेंट, म्हणजे आतली इलेक्ट्रॉन सोडणारी तार, जातं. फिलामेंट स्वस्त आहे हो, पण ते मागवायला तीन कोटेशन लागतात. सहाव्या वर्षी त्या यंत्रावर कापडी कव्हर असतं आणि दारावर ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’. चौकशी केलीत तर रजिस्टरमध्ये यंत्र ‘चालू स्थितीत’ असतं.

केंद्राने २०२० साली ‘आय-स्टेम’ नावाचं पोर्टल काढलं, देशातली सरकारी पैशाची यंत्रं एका जागी दिसावीत आणि बाहेरच्यांना भाड्याने मिळावीत म्हणून. कल्पना उत्तम. पण यादीत नाव असणं वेगळं आणि मंगळवारी दुपारी दोन ते पाच यंत्र खरंच मिळणं वेगळं. त्या तीन तासांसाठी एक जिवंत, शिकलेला, पगार घेणारा माणूस लागतो. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांना खरेदीचे नियम थोडे सैल केले गेले, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, जेम या सरकारी खरेदी पोर्टलच्या बाहेर खरेदी करायची मुभा संस्थाप्रमुखांना मिळाली. त्याने फिलामेंटचा प्रश्न सुटेल. ऑपरेटरचा नाही.

यावर जर्मनीच्या, उद्योगांसाठी संशोधन करणाऱ्या फ्राउनहोफर संस्थांची रीत मला सगळ्यात व्यवहारी वाटते. ढोबळमानाने तिसरा हिस्सा पैसा सरकारकडून न मागता दर वर्षी, बाकीचा उद्योगांची कामं करून आणि स्पर्धेतून सार्वजनिक प्रकल्प मिळवून. ब्रिटनने २०११ पासून कॅटापुल्ट केंद्रं काढताना असंच तिहेरी गणित घेतलं. इथे ‘न मागता’ हा भाग मोलाचा आहे. ऑपरेटरला कायम नोकरी देता येते ती त्या एका हिश्श्याच्या भरवशावर. आणि सगळा पैसा सरकारचा नाही, म्हणून व्यवस्थापकाला सकाळी उठून एमआयडीसीत जावंच लागतं. आपल्या धोरणात हेच हवं: मान्यता मिळालेल्या केंद्राच्या वार्षिक खर्चाचा तिसरा हिस्सा दहा वर्षं ठरलेला, पाचव्या वर्षी कडक तपासणी, आणि तपासणीत नापास झालं तर पैसे खरंच बंद.

पैसे कसे येतात हेही धोरणच असतं. आमच्या धंद्यात मार्च महिना म्हणजे सुगी आणि दुष्काळ एकाच वेळी. एका योजनेचा हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी आला, ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवायचा, नाहीतर शिल्लक परत. मग वर्षाची खरेदी महिन्यात उरकायची. त्यानंतर केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र, सनदी लेखापालाची सही, खात्यात पडून राहिलेल्या पैशावरचं व्याज सरकारी तिजोरीत भरल्याची पावती. हे सगळं पोचून पुढचा हप्ता सुटेपर्यंत पावसाळा अर्धा सरलेला. मधल्या महिन्यांचे पगार यजमान संस्थेने उधार द्यायचे, आणि जिची ऐपत नाही तिथली चांगली माणसं याच दिवसांत सोडून जातात. वर्षाचा निधी एप्रिलमध्ये आगाऊ आणि हिशेब मागाहून, एवढा बदल केला तर नव्या रुपयाची गरज नाही.

प्रादेशिक केंद्रांबद्दल मात्र मी पार्कपेक्षा बराच आशावादी आहे, पण केंद्र जमिनीपासून सुरू न करता गिऱ्हाइकापासून सुरू करायचं या अटीवर. कोल्हापूर घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्र्यांची रांग आहे. तिथल्या मालकाला विचारा की संशोधन म्हणजे काय हवं. तो ‘डीप टेक’ म्हणणार नाही. तो सांगेल, कास्टिंगमध्ये छिद्रं का पडतात ते ओतण्याआधी कळलं पाहिजे, वापरलेल्या वाळूचं काय करायचं ते सांगा, आणि भट्टीचं वीजबिल कमी करा. या तीन प्रश्नांत धातुशास्त्रही आहे, संगणकी सिम्युलेशनही आणि पर्यावरणही, आणि तिन्हींवर चार-पाच पीएचडी होतील. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरने चाचण्या आणि यंत्रांची सामाईक सोय अशाच विचारातून उभी केली. संभाजीनगरात ‘मॅजिक’ हे इन्क्युबेटर काढलं ते विद्यापीठाने नव्हे तर तिथल्या उद्योजकांच्या संघटनेने, सीएमआयएने. नव्या कंपनीला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न तिथे पहिल्या दिवशी विचारला जातो. गोव्यात फातोर्ड्याला डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातलं ‘फायर’ हे इन्क्युबेटर छोट्या राज्याच्या मापाचं आहे. आणि वर सांगितलेल्या विज्ञान-तंत्रज्ञान क्लस्टरपैकी पुणे नॉलेज क्लस्टर आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातून चालतं, त्याच्या नावाचा कुठे टॉवर नाही. कोविडच्या काळात शहराच्या सांडपाण्यातून विषाणूचा माग काढायचं काम वेगवेगळ्या संस्थांच्या मेळातून झालं, ते जुळवण्यात या क्लस्टरचा हात होता. एका संस्थेकडे नमुने, दुसरीकडे सिक्वेन्सिंगची (जनुकांचा क्रम वाचायची) यंत्रं, महापालिकेकडे नाल्यांचे नकाशे. त्यांना एका खोलीत बसवणारा माणूस कुठल्याच संस्थेच्या पगारपत्रकावर नसतो, म्हणून तो क्लस्टरने द्यायचा.

अमेरिकेने २०२२च्या चिप्स अँड सायन्स कायद्यात प्रादेशिक तंत्रज्ञान हबसाठी १० अब्ज डॉलरना मान्यता दिली. पुढच्या वर्षी ३१ जागा हब म्हणून जाहीर झाल्या. पण सुरुवातीला प्रत्यक्ष तरतूद झाली ५० कोटी डॉलरची, आणि २०२४ मध्ये त्यातून पैसे मिळाले ३१ पैकी १२ जागांना. उरलेल्यांना पाटी मिळाली. आपल्याकडे असं होऊ नये, आणि होण्याची शक्यता दांडगी आहे, कारण प्रत्येक खासदाराला आपल्या जिल्ह्यात एक पाटी हवी असते. वीस केंद्रांना पुरेल एवढा पैसा असेल तर वीसच जाहीर करावीत.

तुमच्या ४० एकरांवर येतो. ती जागा विकूही नका आणि तिच्यावर इतक्यात इमारतही बांधू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाला संस्थापकांच्या देणगीच्या अटींमुळे जमीन विकताच येत नव्हती. म्हणून १९५१ पासून त्यांनी ती कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली, पहिल्यांत व्हेरियन ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आली, आणि जमीन अजून विद्यापीठाचीच आहे. तुमच्याकडे आज भाडेकरू नाही, तर इमारत कुणासाठी? आधी विद्यापीठातल्या चालू यंत्रांची खरी यादी करा, कव्हर काढून बघून. मग जिल्ह्यातल्या औद्योगिक संघटनेच्या कचेरीत जा आणि त्यांचा माल बाहेर कुठल्या लॅबला तपासायला जातो, किती दिवस लागतात, किती पैसे जातात ते विचारा. त्यातल्या ज्या तीन-चार चाचण्या तुमच्याकडे होऊ शकतात त्यांना एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासून प्रमाणित करणाऱ्या मंडळाची, मान्यता मिळवा. एक पूर्ण वेळ माणूस नेमा ज्याचं काम कारखान्यातून प्रश्न आणणं आणि विभागात नेऊन देणं एवढंच असेल. प्राध्यापकालाच ‘समन्वयक’ नेमू नका, परीक्षा आणि नॅकचं मूल्यांकन यांतून त्याला वेळ मिळणार नाही. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, त्यामुळे यासाठी वेगळा कायदेशीर आधार शोधायची गरज पडू नये. सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी) जरूर काढा, कारण विद्यापीठाच्या लेखा विभागातून बाहेरच्या कंपनीला वेळेत बिल जाईल अशी आशा करणं कठीण.

नव्या कंपनीला काय लागतं याचीही कल्पना असू द्या. आमच्याकडे एक मुलगी जखमेवर लावायच्या पट्टीसाठी पॉलिमर बनवत होती. तिला टेबल-खुर्ची नकोच होती. आठवड्यातून दोनदा रिओमीटर (पदार्थ कसा वाहतो ते मोजणारं यंत्र), एक निर्जंतुक खोली, पट्टी अंगाला बाधत नाही हे सिद्ध करणाऱ्या चाचण्या कुठे होतात ते सांगणारं कुणीतरी, आणि चाचणीपुरतं उत्पादन करायला वैद्यकीय उपकरण नियमांखाली लागणारा एमडी-१३ परवाना. त्या परवान्याचा अर्ज कसा भरायचा हे सांगणाऱ्या बाईंचा पगार आमच्या कुठल्याच योजनेच्या कुठल्याच हेडमध्ये बसत नव्हता. सात महिने वाचले ते त्यांच्यामुळे.

याच जागी नव्या मोठ्या पैशाची अडचण आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला. कमी किंवा शून्य व्याजाची लांब मुदतीची कर्जं, तंत्रज्ञान तयारीच्या चौथ्या पातळीपासून (प्रयोगशाळेत नमुना चालतो त्या पायरीपासून) पुढे. देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के, हे बघता निधीचं स्वागतच आहे. पण चौथ्या पातळीला आलेलं तंत्रज्ञान आणायचं कुठून? प्रयोगवहीतल्या निरीक्षणापासून प्रयोगशाळेत चालणाऱ्या नमुन्यापर्यंतचा पल्ला पार्क आणि इन्क्युबेटर गाठून देतात, आणि तिथे आज आधार आहे तो ‘प्रयास’चे दहा लाख, ‘बिग’चे पन्नास लाख अशा अनुदानांचा. ती चांगली अनुदानं आहेत, माझ्या हातून अनेकांना मिळाली आहेत. पण ती कंपनीला मिळतात. रिओमीटर चालवणाऱ्याला नाही. लाख कोटींतला अगदी छोटा वाटा या मधल्या यंत्रणेला बांधून दिला, तर पुढची कर्जं मागायला येणारे उमेदवार बरे असतील.

मोजमापाबद्दल थोडं. सध्याच्या नमुन्यांत स्टार्टअपची संख्या, रोजगार, कार्यक्रम, सामंजस्य करार असे रकाने असतात. सामंजस्य करार तर आपल्याकडे शालीसोबत मिळतो. त्याऐवजी तीनच गोष्टी विचाराव्यात: बाहेरच्यांनी पैसे देऊन यंत्रं किती तास वापरली, कंपन्यांनी प्राध्यापकांना किती रुपयांची कामं दिली, आणि एकदा आलेल्या कंपन्यांपैकी किती परत आल्या. तिन्ही आकडे बँकेच्या खात्यातून तपासता येतात, म्हणून फुगवणं अवघड.

राज्य सरकारने काय करावं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. जमीन आणि वीजदराची सवलत हे नेहमीचं आहेच. मला जास्त कामाची वाटते ती महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीची स्टार्टअप सप्ताहाची रीत: निवडलेल्या स्टार्टअपला बक्षिसाचा चेक देण्याऐवजी सरकारी विभागाकडून वर्क ऑर्डर, सुरुवातीला १५ लाखांपर्यंतची. तुमच्या जिल्ह्यात जिल्हा परिषद आणि नगरपालिका एवढंच करू शकल्या, पाण्याची तपासणी, कचरा, आरोग्य केंद्रातली उपकरणं यांपैकी वर्षाला दोन-तीन छोट्या ऑर्डरी, तर विद्यापीठाच्या केंद्राला पहिलं काम मिळेल. मात्र बिल ९० दिवसांत निघालं पाहिजे, हे त्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नवी कंपनी ऑर्डर मिळूनही बिलाची वाट बघत बंद पडते, असं आमच्याकडे एकापेक्षा जास्त वेळा झालंय.